नव्या अ‍ॅम्पचा आवाज मध्येच का बसतो?

प्रश्न

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचकाचं पत्र आलंय. नोकरी सांभाळून ते एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. दोन महिन्यांपूर्वी पैसे साठवून त्यांनी व्हॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) चालणारा १५ वॅटचा नवा कोरा गिटार अ‍ॅम्प मागवला. प्रीअ‍ॅम्पला (सिग्नलच्या पहिल्या टप्प्याला) तीन ईसीसी८३, पॉवरला (स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या टप्प्याला) दोन ईएल८४ व्हॉल्व्ह. पहिले काही दिवस सगळं ठीक होतं. आता वीसेक मिनिटं वाजवलं की आवाज एकदम खाली जातो, कुणी उशी दाबल्यासारखा. जोरात कॉर्ड मारली की कधीकधी खाडकन परत येतो. गणेशोत्सवात मंडळाचा कार्यक्रम ठरलाय. दुकानदार म्हणतो, पुण्याला सर्व्हिस सेंटरला पाठवा. मित्र म्हणतात, पाचही व्हॉल्व्ह बदलून टाक. मिरजेच्या काकांनी तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत, ते म्हणतात, घेऊन ये, खोलून बघू. पेटी खोलली तर वॉरंटी जाणार, आणि काकांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही. ‘नव्या वस्तूत असं व्हायलाच नको होतं, मी फसलो का?’ असा पत्राचा शेवट आहे.

उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: जोरात कॉर्ड मारली की आवाज परत येतो. व्हॉल्व्ह थकला की सहसा असा वागत नाही. तो हळूहळू मलूल होतो, खरखरतो, टणटणतो, नाहीतर सरळ बंद पडतो. गिटारच्या जोरावर जागा होणारा बिघाड बहुतेक वेळा कुठल्यातरी सांध्यात असतो. दोन धातू जिथे नुसते टेकलेले असतात, तिथे पातळ थर चढतो. बारीक सिग्नलला तो थर ओलांडता येत नाही, मोठा सिग्नल त्याला भेदून जातो आणि वाट थोडा वेळ मोकळी राहते. आपल्याकडचे मेकॅनिक याला ‘कार्बन धरलाय’ म्हणतात. तो कार्बन नसतो. वापरात नसलेलं चांदीचं निरांजन जसं काळवंडतं, तोच प्रकार.

म्हणून व्हॉल्व्हचा संच मागवायचं आठवडाभर लांबणीवर टाका. कुठला व्हॉल्व्ह गेला हे शोधण्याआधी सिग्नल कुठे तुटतो हे शोधू. त्यातलं बहुतेक काम एकही स्क्रू न काढता होतं.

अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट्स लूपची, म्हणजे प्रीअ‍ॅम्प आणि पॉवरच्या मध्ये पेडल जोडायची, दोन भोकं असतील, सेंड (बाहेर) आणि रिटर्न (परत आत). तुम्ही पेडल गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावता, लूप कधी वापरलाच नाही, असं लिहिलंय. संशयाची पहिली जागा तीच. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये रिटर्नच्या जॅकमध्ये एक पत्ती असते. पिन घातलेली नसते तेव्हा प्रीअ‍ॅम्पचा सगळा आवाज त्या पत्तीवरून पुढे जातो. पिन आत-बाहेर झाली की पत्ती घासून स्वच्छ राहते. तुमच्याकडे ती कधी घासलीच गेलेली नाही. अ‍ॅम्प तुमच्याकडे दोन महिने असला तरी त्याआधी गोदामात किती पडून होता कोण जाणे. त्यात कृष्णाकाठचा पावसाळा. म्हणजे नवेपणामुळे बिघाड होणार नाही हे तुमचं गृहीत इथे उलटं पडतं. न वापरलेला जॅक हाच इथे दुखणारा जॅक असू शकतो. दुकानदारानं फसवलं असं यावरून म्हणता येणार नाही.

तपासायला एक छोटी गिटार केबल पुरते, दोन पेडल जोडायला वापरतात तीसुद्धा चालते. तिचं एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये. आता आवाज पत्तीवरून न जाता केबलमधून जाईल. लूपसाठी चालू-बंदचं बटण असेल तर ते चालू ठेवा. काही अ‍ॅम्पमध्ये लूप समांतर असतो आणि मिक्सची घुंडी असते, ती पूर्ण फिरवा. अशा जोडणीवर तासभर वाजवा. आवाज एकदाही बसला नाही, आणि केबल काढल्यावर पुन्हा बसू लागला, तर चोर सापडला. एकदा तपासून खूश होऊ नका. हा बिघाड लहरी असतो. केबल लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे दोन-तीनदा बघा.

साफ करायला अ‍ॅम्प बंद करा, मेनचा प्लगही काढा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पिनेवर मारा, थेट जॅकमध्ये नको, कारण आत उडालेलं द्रव कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. ओली पिन रिटर्नमध्ये १५-२० वेळा आत-बाहेर करा, सेंडमध्येही करा, मग दहा मिनिटं वाळू द्या. सायकलच्या चेनला मारतात तो तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ चिकटते. सफाईनंतरही महिन्याभरात दुखणं परत आलं तर ती छोटी केबल कायम लावून ठेवली तरी काही बिघडत नाही. वॉरंटीत जॅक बदलून मागायचा हक्क तुमचा आहेच.

आता, लूप निर्दोष निघाला तर?

तर आधी अ‍ॅम्पबाहेरच्या गोष्टी झटपट बाद करा. पेडल सगळी काढा. गिटार आणि केबल दुसऱ्याची आणा, केबल दुकानातून नवी आणलेली असेल तरीही. गिटारच्या जॅकचं नट ढिलं असतं, आतली पत्ती पिनेला नीट धरत नाही. हा दोष इतका सर्रास आढळतो की त्यावर अ‍ॅम्पला दोष देण्याची हौस बऱ्याच जणांना महागात पडलीय. पिकअप अ‍ॅक्टिव्ह असतील तर ९ व्होल्टची बॅटरी बदलून बघा. आणि चॅनल बदलायचा पायाखालचा फूटस्विच काढून ठेवा. त्याची वायर आत तुटत आली असेल तर चॅनल आपोआप बदलतो, आणि वाजवणाऱ्याला वाटतं आवाज बसला.

मग कानानं एक परीक्षा. अ‍ॅम्प ठीक चालू असताना गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा आणि अ‍ॅम्पमधून येणारी बारीक ‘सूं’ नीट ऐकून ठेवा. आवाज बसला की लगेच थांबा, कॉर्ड मारून त्याला उठवू नका. घुंड्या आहेत तिथेच ठेवून पुन्हा ऐका. ‘सूं’ तेवढीच आहे आणि फक्त गिटार दबलीय, तर दोष पहिल्या व्हॉल्व्हच्या आधी आहे: गिटार, केबल किंवा इनपुट जॅक. ‘सूं’ही दबली तर दोष पुढे आहे. उलट घूं वाढली, आवाज गढूळ आणि अशक्त झाला, तर दोन ईएल८४ पैकी एक काम सोडतोय. ही जोडी एकमेकांच्या विरुद्ध ओढत असते. एकानं हात सोडला की दुसऱ्याची घूं कुणी खोडत नाही.

यानंतर अ‍ॅम्पचे दोन तुकडे करा, अर्थात कागदावर. सेंडमधून केबल काढून ऑर्केस्ट्राच्या मिक्सरच्या लाइन इनपुटला द्या आणि मिक्सरवरच ऐका. अर्ध्या तासात तिथेही आवाज बसला तर दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये. हे करताना अ‍ॅम्पचा स्पीकर जोडलेलाच ठेवायचा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर नको एवढं व्होल्टेज चढतं आणि तो आतल्या आत जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पची सवय असलेले इथेच फसतात.

मागचा अर्धा भाग तपासायला रिटर्नमध्ये फोन जोडा. केबलला फोनकडे स्टिरिओ आणि अ‍ॅम्पकडे ६.३५ मिलिमीटरची मोनो पिन हवी. मास्टर व्हॉल्यूम शून्यावर, फोनचा आवाज अगदी कमी, तिथून हळूहळू वर. आणि गाणं लावू नका, तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा. गाण्यात आवाज वर-खाली होतच असतो, तंबोरा तासभर एकसारखा झंकारतो. तुम्ही स्वयंपाकघरात चहा ठेवत असलात तरी तो एक क्षण दबला की कान टवकारले जातील. तास झाला आणि तंबोरा हलला नाही, तर पॉवर सेक्शन, स्पीकर आणि त्याच्या तारा यांच्यावरचा संशय बराच उतरला.

तंबोरा दबलाच, तर अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या केबलची दोन्ही टोकं बघा. स्पीकरच्या पत्त्यांवर चढवलेली टोपणं प्रवासात ढिली होतात. बोटानं दाबून घट्ट बसवा. तिथे गिटारची केबल कुणी लावली असेल तर काढा, स्पीकरला जाड दोन तारांचीच केबल लागते.

आता व्हॉल्व्ह. बदलायचे नाहीत, आधी नीट बसवायचे. कुरिअरच्या टेम्पोत अ‍ॅम्पनं किती खड्डे खाल्ले असतील याचा अंदाज सांगलीकराला सांगायला नको. पेटीच्या मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह बाहेरूनच निघत असतील तरच हे करा. चासीचे (आतल्या धातूच्या सांगाड्याचे) स्क्रू काढावे लागत असतील तर सोडून द्या. अ‍ॅम्प बंद, प्लग बाहेर, अर्धा तास थंड होऊ द्या. ईएल८४ हात पोळण्याइतका तापतो. स्प्रिंग किंवा टोपी काढा, व्हॉल्व्ह स्वच्छ फडक्यात धरा, सरळ वर ओढत किंचित गोल डोलवा. काढून पुन्हा बसवा, असं तीन-चारदा, म्हणजे सॉकेटमधला थर घासला जाईल. नऊ पिनांमध्ये एक मोकळी जागा असते, ती जुळल्याशिवाय जोर लावू नका.

इथे एक धोका आहे. ईसीसी८३ आणि ईएल८४ दोन्हींना नऊच पिना, जाडीही साधारण सारखीच. एकाच्या जागी दुसरा आरामात बसतो आणि चालू केलं की नुकसान करतो. ईएल८४ उंच असतो. काढण्यापूर्वी फोटो घ्या आणि एका वेळी एकच काढा.

बसवून झाले की अ‍ॅम्प चालू करा, आवाज बेताचा ठेवा आणि न तासलेल्या पेन्सिलच्या मागच्या टोकानं एकेका व्हॉल्व्हला हलकं टिचकारा. तासलेली नको, शिसातून वीज वाहते. पहिला व्हॉल्व्ह, म्हणजे सहसा इनपुट जॅकच्या जवळचा, थोडा टणटणणारच, त्याला लगेच बाद करू नका. टिचकीसरशी आवाज खाली गेला किंवा परत आला तरच तो व्हॉल्व्ह किंवा त्याचं सॉकेट संशयित. मग एकच नवा ईसीसी८३ घ्या. पहिल्या जागी लावून बघा, फरक पडला नाही तर जुना परत लावा आणि नवा दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर एकेका तारेखाली दोरा सरकवतो आणि थांबून ऐकतो. चारही दोरे एकदम हलवले तर कशानं काय झालं हे त्यालाही कळायचं नाही. मित्रांच्या सल्ल्यात अडचण हीच आहे. पाचही व्हॉल्व्ह बदलून आवाज सुधारला तरी तुम्हाला कळणार नाही की व्हॉल्व्ह वाईट होता की काढ-घालीत सॉकेट साफ झालं. ईएल८४ मात्र बदलायचेच झाले तर जुळवलेली जोडीच घ्या. आणि त्यातल्या एखाद्याच्या आतला राखाडी पत्रा लालबुंद दिसला तर तपासणी वगैरे सोडून आधी बटण बंद करा. काचेच्या टोकावरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, तो व्हॉल्व्ह गेला.

विजेचंही बघून ठेवा, पण त्याची चाल वेगळी असते. तिथे आवाज खाडकन जात नाही, सुस्तावतो. २३० च्या जागी २०७ व्होल्ट आले तर व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ५.७ मिळतात. एवढं व्हॉल्व्ह खपवून घेतात, त्याखाली नाही. घरच्या इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर आणखी एक गंमत आहे. साध्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर मीटर २३० दाखवतो, पण लाटेचं टोकही २३० वरच असतं. मेनच्या लाटेचं टोक ३२५ पर्यंत जातं, आणि अ‍ॅम्पचं उच्च व्होल्टेज त्या टोकावर ठरतं. म्हणजे ते जवळपास ३० टक्के घसरतं. हीटर मस्त, आवाज मेलेला, वर गुरगुर. लाइट गेल्यावर अ‍ॅम्पची परीक्षा घेऊ नका.

वीस मिनिटांचा हिशेब अजून उरलाय. दर वेळी गरम झाल्यावरच आवाज बसत असेल आणि वरचं सगळं करूनही जात नसेल, तर ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा नीट न धरलेला डाग, असू शकतो. तापून धातू फुगतो आणि अर्धवट धरलेला डाग सुटतो. आवाज बसल्यावर अ‍ॅम्पच्या मागे टेबलफॅन लावा. पाच-दहा मिनिटांत आवाज आपोआप परत आला तर ही गोष्ट लिहून ठेवा. पुढचं काम सर्व्हिस सेंटरचं.

तिथे पाठवायची वेळ आली तर नुसती पेटी पाठवू नका. लहरी बिघाडाचा अ‍ॅम्प बाकावर दहा मिनिटं वाजवतात, तो शहाण्यासारखा वागतो, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन घरी येतो. फोनवर एका सलग शॉटमध्ये सगळं घ्या: मागची सीरियल नंबरची पट्टी, घुंड्यांच्या जागा, आवाज बसताना, परत येताना. अ‍ॅम्पवर कागद चिकटवा: ‘किमान ३० मिनिटं चालवून बघावा. लूपमध्ये केबल लावूनही दोष कायम. दुसरी गिटार, दुसरी केबल वापरून पाहिली.’ जे खरं असेल तेच लिहा. आणि कार्ड आजच वाचा. अ‍ॅम्पची वॉरंटी वर्ष-दोन वर्षांची असली तरी व्हॉल्व्हची अनेक कंपन्या ९० दिवसांचीच देतात. तुमचे साठ होऊन गेलेत. बिघाड व्हॉल्व्हचाच निघाला तर तक्रार या महिन्यातच नोंदवलेली असायला हवी, पेटी नंतर गेली तरी चालेल.

आता काका. त्यांना अ‍ॅम्प खोलू देऊ नका, पण त्यांना काही येत नाही म्हणून नव्हे. ईएल८४ त्यांनी रेडिओच्या आउटपुटला पाहिला असणार, तुमच्या मित्रांपेक्षा त्यांना तो जास्त कळतो. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, हे त्यांना सांगायची गरज नाही. तुम्हाला आणि हे वाचून स्क्रूड्रायव्हर शोधणाऱ्यांना मात्र आहे. अडचण बांधणीची आहे. जुन्या रेडिओत तारा आणि टॅग हवेत जोडलेले असायचे, सोल्डरिंगच्या जाड इस्त्रीनं डाग सोडवला तरी बिघडत नसे. आजच्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये सॉकेटसकट सगळं छापील बोर्डावर असतं, आणि त्या इस्त्रीच्या उष्णतेनं तांब्याची पट्टी बोर्डावरून उचलली जाते. आणि वॉरंटीचं सील. ‘काका, सील आहे तोवर आत हात घालता येत नाही, पण बाहेरून तुमच्या कानाशिवाय जमणार नाही’ असं सांगा. ते खरंही आहे. टिचकी मारताना एकानं मारायची आणि दुसऱ्यानं ऐकायचं, हे एकट्याला नीट जमत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तर त्यांना मल्टिमीटर घेऊन मांडवात बोलवाच. मांडवाची वीज तात्पुरती ओढलेली असते. रोषणाई, हॅलोजन, साउंडवाल्याचे बॉक्स, सगळं चालू झाल्यावर तुमच्या बोर्डावर किती व्होल्ट उरतात ते बघायला सांगा. एसी ७५० किंवा ६०० ची रेंज, फेज आणि न्यूट्रल. मग फेज आणि अर्थिंग. तिथेही साधारण तेवढंच यायला हवं, आलं नाही तर अर्थिंग नुसतं नावाला आहे. अ‍ॅम्पची तिसरी पिन कुणी काढायला सांगितली तर ऐकू नका. शेवटी, सगळं जोडून झाल्यावर मीटरची एक पिन गिटारच्या तारेला आणि दुसरी गायकाच्या माइकच्या जाळीला लावायची. शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे. पन्नास-साठ दिसले तर साउंडवाल्याला बोलवा, आणि ते उतरेपर्यंत गिटार गळ्यात असताना माइकला ओठ लावू नका.